चिचुंद्रीचा फुगा

एक होती चिचुंद्री. एवढीशी. आई नाही, ताई नाही. बिळात ती एकटी.

त्या दिवशी होता नाताळ. घराघरात तळण. घराघरात पाहुणे.

सेफेरीनमावशी फुगे तळत होती. हवेतले फुगे नाहीत हं! पिठाचे, गोल गोल, खायचे फुगे. तेलात टाकले की चुर्र! आणि टम्म!

मावशीची एक रीत होती. पहिला फुगा मागच्या पायरीवर ठेवायचा. ज्याला कुणी नाही, त्याचा तो.

चिचुंद्रीला कुणी नव्हतं. म्हणून फुगा तिचा. वर्षभर वाट पाहून मिळालेला!

ती आली. तुरुतुरु तुरुतुरु. फुगा गरम होता. वास छान होता. पण नाताळचं एकटीनं कसं जेवायचं? तिनं इकडे पाहिलं. कुणी नाही. तिनं तिकडे पाहिलं. कुणी नाही. पाहता पाहता शेपटी लागली आणि फुगा निघाला.

गडगड गडगड, डुबुक! गेला तळ्यात. बदकं म्हणाली, क्वॅक! आणि फुगा फस्त.

चिचुंद्री रडली. खूप रडली. मग नाक पुसलं आणि गेली मावशीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"मावशी मावशी, फुगा द्या. फुगा मला. नाताळ आहे, मला कुणी नाही."

मावशी म्हणाली, "देईन गं बाय. पण पीठ संपलं. नवं भिजवू तर ताडी हवी. ताडीशिवाय फुगा फुगत नाही. कैतानकाकांकडून ताडी आण."

मावशीकडे तिच्या चार बहिणी. ही ही ही, हा हा हा! पण चिचुंद्रीला कुणी म्हणालं का, बस? नाही म्हणालं.

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. कैतानकाका ताडाखाली बसले होते. ताडीचं मडकं वर, काका खाली.

"काका काका, ताडी द्या. ताडी मावशीला, फुगा मला. नाताळ आहे, मला कुणी नाही."

काका म्हणाले, "देईन गं बाय. पण उपाशी पोटी झाडावर चढू? धपकन पडेन ना! पावलीनआजीकडून इंदेल आण. नाताळचं इंदेल पोटात गेलं, की मी चढलोच."

काकांकडे त्यांचे तीन दोस्त. गप्पाच गप्पा! पण चिचुंद्रीला कुणी म्हणालं का, बस? नाही म्हणालं.

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पावलीनआजीच्या चुलीवर हे एवढं पातेलं. त्यात इंदेल, म्हणजे कोंबडीचा रस्सा. आंबट आंबट, तिखट तिखट!

"आजी आजी, इंदेल द्या. इंदेल काकांना, ताडी मावशीला, फुगा मला. नाताळ आहे, मला कुणी नाही."

आजी म्हणाली, "देईन गं बाय. पण इंदेल कच्चं. चूल विझली, सरपण संपलं. माडाकडून वाळकी झावळी आण."

आजीकडे नऊ नातवंडं. दंगाच दंगा! पण चिचुंद्रीला कुणी म्हणालं का, बस? नाही म्हणालं.

चिचुंद्रीचे पाय दुखले. तरी निघाली. तुरु... तुरु... तुरु... तुरु...

आजीच्या अंगणात माड उभा. उंच उंच. वर एक वाळकी झावळी लोंबत होती.

"माडा माडा, झावळी दे. झावळी आजीला, इंदेल काकांना, ताडी मावशीला, फुगा मला. नाताळ आहे, मला कुणी नाही."

माड म्हणाला, "देईन गं बाय. पण हललो तरच झावळी पडेल. आणि हलू कसा? आज वारा नाही. समुद्रावर जा. वाऱ्याला बोलाव."

माडाकडे सात पोपट. विठू विठू! पण चिचुंद्रीला कुणी म्हणालं का, बस? नाही म्हणालं.

समुद्र लांब. वाळू गरम. चिचुंद्री एकटी चालली. तुरु... तुरु... तुरु... तुरु...

सुरूच्या झाडांखाली वारा बसला होता. वाळूत तोंड खुपसून. गप्प.

"वाऱ्या वाऱ्या, झुळूक दे. झुळूक माडाला, झावळी आजीला, इंदेल काकांना, ताडी मावशीला, फुगा मला. नाताळ आहे, मला कुणी नाही."

वारा म्हणाला, "जा! मी नाही वाहत."

"का रे?"

"आज सगळे सगळ्यांकडे जेवायला गेले. मी आलो की काय करतात? धाड! दार लावतात. धाड! खिडकी लावतात. मेणबत्ती विझेल म्हणतात. मला कुणी बोलावत नाही. मला कुणी नाही."

चिचुंद्रीनं कान टवकारले. मला कुणी नाही. हे तर तीच म्हणायची. दिवसभर म्हणत होती. आज पहिल्यांदा दुसऱ्या कुणी म्हटलं.

ती वाऱ्याजवळ बसली.

मग चिचुंद्री म्हणाली, "माझ्याकडे येतोस जेवायला?"

वाऱ्यानं डोकं वर केलं. "तुझ्या घराला दार आहे?"

"नाही."

"खिडकी?"

"नाही."

"मग येतो!"

आणि वारा उठला. सूं सूं सूं!

झुळूक गेली माडाला. माड हलला. सळसळ सळसळ, धप्प!

झावळी पडली आजीपुढे. चूल पेटली. फडफड फडफड! इंदेल शिजलं. रटरट रटरट!

इंदेल गेलं काकांना. काका जेवले. ढेकर दिली. ताडावर चढले. सरसर सरसर!

ताडी गेली मावशीला. पीठ भिजलं. पीठ फुगलं. फसफस फसफस!

चिचुंद्री धापा टाकत आली. मागून वारा आला, हळूच, पावलं न वाजवता.

"मावशी मावशी, फुगा द्या! झुळूक माडाला, झावळी आजीला, इंदेल काकांना, ताडी मावशीला, फुगा आम्हाला!"

मावशीचा झारा थांबला. "आम्हाला? आणि कोण गं बाय?"

चिचुंद्रीनं मान ताठ केली.

"माझ्याकडे पाहुणे आलेत!"

चुर्र! आणि टम्म! मावशीनं सगळ्यांत मोठा फुगा तळला. पायरीवर ठेवला. वाटीत थोडं आपल्या घरचं इंदेलही ठेवलं. पाहुण्यांना कोरडं कसं वाढायचं? दोघांनी सगळं बिळापाशी नेलं.

फुगा गरम होता. वाऱ्यानं फुंकर घातली. फू फू फू! फुगा खाल्ला चिचुंद्रीनं. वास खाल्ला वाऱ्यानं. दोघांचं पोट भरलं.

आकाश लाल झालं. वारा म्हणाला, "निघू का?"

चिचुंद्री म्हणाली, "बस ना अजून."

वारा बसला.