बोटांखालची वाळू

"मग भिंत अजून लांबवू का, बुवा?"

मधुकरने रेवागीर बुवांना विचारलं. मठाच्या घाटावर ते छाटी गुडघ्यापर्यंत खोचत होते.

मधुकर सातपुतेने इंजिनिअर होऊन आपल्याच गावाला पूल बांधला होता. नदी पुलाच्या एका अंगाला झुकू लागली, तेव्हा तिला मध्यावर आणायला त्याने पुलाच्या वरच्या बाजूला, काठापासून थेट आत, आडवी दगडी भिंत घातली. आता भिंतीच्या टोकाशी भोवरा फिरत होता आणि पुलाच्या एका खांबाचा पाया उघडा पडला होता. पावसाळा तोंडावर आला होता.

"उतर पाण्यात."

"पोहायला नाही आलो, बुवा."

"बरं झालं. अजून तुला धड येत नाही."

मधुकर हसला. याच घाटावर, याच बुवांची छाटी घट्ट धरून तो हातपाय मारायला शिकला होता. तेव्हा पाण्यालासुद्धा धुनीच्या राखेचा वास यायचा. दिवेलागणीला पलीकडच्या काठावरून आई हाका मारायची, आणि तो ऐकूच न आल्यासारखं करायचा...

दोघं उतरले. पाणी पोटरीभर होतं.

"पाऊल धारेला आडवं धर."

त्याने धरलं. बोटांखालची वाळू सरसर निघून गेली. पाऊल खचलं.

"लांबव अजून."

त्याने पाऊल पुढे टाकलं. तिथलीही वाळू गेली. तोल जाताना त्याने बुवांचाच खांदा धरला.

बुवा वाकले. त्याची टाच धरून त्यांनी पाऊल धारेच्या दिशेने वळवलं. पाणी दोन्ही अंगांनी गुपचूप निघून गेलं.

"हे मला ठाऊक होतं, बुवा. कॉलेजात शिकलोय. बांध प्रवाहाच्या अंगानेच घालायचा असतो."

"मग?"

"तसा बांध काठाला लागून असतो. कोणाच्या नजरेत भरत नाही. ही भिंत पुलावरून दिसते... लोक थांबून बघतात. सातपुत्याच्या पोरानं नदी वळवली म्हणतात."

पुलावरून एक बैलगाडी गेली. पाणी वाजत राहिलं.

दोघं पायरीवर आले. मधुकर बराच वेळ भिंतीकडे बघत होता.

"उद्याच पाडायला घेतो," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "पण मग माझं इथं काय राहील, बुवा?"

बुवा छाटीचा ओला काठ पिळत होते. त्यांनी हनुवटीनेच पाण्याकडे खूण केली.

"मधू, आत्ता तू कुठं उभा होतास, तेवढं दाखव बघू."