सिंगापूरचं तिकीट

वेंगुर्ल्याची ऋजुता केळुसकर कामाला वाघ. पुण्यातल्या कंपनीच्या सर्व्हरवरच्या फाइल ती घरच्या ओटीवर बसून आपल्या लॅपटॉपवरच्या एडिटरमध्ये उघडायची, दुरुस्त करायची, आणि तिने सेव्ह करताच कंपनीची वेबसाइट तिकडे सुधारलेली असायची.

संचालक रणनवरेसाहेब मात्र एक दिवस हट्टाला पेटले. "फाइल जिथे, तिथे माणूस! सोमवारपासून ऑफिसात येऊन बसा, नाहीतर राजीनामा द्या."

सोमवारी ऋजुता भलीमोठी बॅग घेऊन भर मीटिंगमध्ये हजर झाली आणि तिने साहेबांपुढे पासपोर्ट ठेवला.

"हे काय?"

"तुमचाच हुकूम, साहेब. सर्व्हर सिंगापूरला हलवला म्हणून दसऱ्याला तुम्हीच पेढे वाटलेत. फाइल तिथे, तर मीही तिथेच. तिकीट कधीचं काढताय?"

साहेब वैतागले. "अहो, त्यासाठी सिंगापूर कशाला गाठायला हवं? इथे बसून तिथली फाइल उघडत नाही का?"

"उघडते की," ऋजुता म्हणाली. "वेंगुर्ल्यातून उघडते तश्शीच!"

मीटिंगमध्ये खसखस पिकली. साहेबांनी हुकूम मागे घेत पासपोर्ट तिच्याकडे सरकवला. ऋजुताने बॅग एका बोटावर उचलली आणि ताठ मानेने वेंगुर्ल्याची गाडी गाठली. बॅग तिने रिकामीच आणली होती. राहायचं होतं कुणाला?