रुसलेले स्पीकर

रावसाहेब इंगवल्यांनी दोन मोठ्ठे स्पीकर आणले, आणि त्यातली गाणारी बाई उजव्या कोपऱ्यातच अडकून बसली. ढोलकी तर अशी घुमायची, जसं कोणी रांजणात बसून वाजवतंय.

चूक कोणाची? हौसाची. लादी तीच पुसायची ना.

"तूच सरकवलेस," रावसाहेब म्हणाले. "संध्याकाळी व्याही गाणी ऐकायला येतायत. तोवर बाई मधोमध गायला पाहिजे. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"मग हलवते की जरा."

"हात लावायचा नाही. पूजा करून, नारळ फोडून बसवलेत. बसवलेलं हलवत नसतात."

"बरं, तुमचा सोफा हलवते."

"दूध संघाचा चेअरमन आहे मी. मी जागा बदलू?"

हौसानं फडकं पिळलं. दोन्ही स्पीकर कोपऱ्यांत, पाठ भिंतीला घासून. रावसाहेबांचा सोफा उजव्याच्या जवळ, डाव्यापासून लांब. एवढं तर तिच्या म्हशीलाही कळलं असतं. पण म्हशीला पगार नव्हता, हौसाला होता. म्हणून ती गोडीनं बोलली.

"रावसाहेब, तुमच्याकडं गौरी बसतात न्हवं?"

"दोन. पिढ्यान्‌पिढ्या."

"पितळी मुखवट्यांच्या. मग तिसऱ्या दिशी ते विहिरीत टाकता?"

"येडी का काय तू? अक्षता वाहून जागचे हलवायचे, पेटीत ठेवायचे. पुढच्या वर्षी परत बसवायचे."

"आन् कोपऱ्यातल्या ह्या दोघींना बसवून किती दिस झाले?"

रावसाहेबांनी बोटं मोजली. "बावीस."

"बावीस दिस! गौराया तिसऱ्या दिशी जातात, ह्यांना अजून कोणी उठा म्हणलं न्हाई. फुगून कोपऱ्यात बसणार न्हाईतर काय?"

रावसाहेब स्वतः उठून देवघरातून अक्षता घेऊन आले. दोन्ही स्पीकरांवर वाहिल्या, दोन्ही जागचे हलवले.

"आता परत बसवा," हौसा म्हणाली, "पण गौरीसारखं. भिंतीपासून हातभर पुढं. दोघींत सारखं अंतर. तोंडं जरा आरती म्हणणाऱ्याकडं. आन् आरती म्हणणारा दोघींच्या मधोमध. तो तुमचा सोफा. तुम्ही नका हलू, त्याच येतील तुमच्यापुढं."

गाणं लागलं. बाई थेट मधोमध गायला लागली, जिथं फक्त एक तिपाई होती. रावसाहेबांनी वाकून तिपाईखाली बघून घेतलं.

"बोल, काय देऊ?"

"गौरी जागेवर बसल्या की सवाष्णीची ओटी भरतात. साडी, नारळ, आन् जेवायला पाटावर. तवा आज व्याह्यांच्या पंगतीची भांडी मी न्हाई घासायची."

"मग कोण घासणार?"

"ज्यानं पूजा केली त्यानं सवाष्णीची ताटं उचलायची असतात."

रावसाहेब इतके हसले की बाईचं आख्खं कडवं बुडालं. साडी हिरवी निघाली, आणि त्या संध्याकाळी चेअरमनांनी हौसाचं ताट स्वतः उचललं.