सुभेदाराच्या घोड्याचा गुन्हा

नदीकडे जायला चांगला रस्ता असूनही रंगराव सुभेदारांनी वळसा वाचवण्यासाठी घोडा साळूबाईच्या परसातून घातला. पडवळाचा मांडव कोसळला, मेथी-चुक्याचे वाफे टापांखाली चिरडले गेले. त्या परसावरच साळूबाईचं घर चालायचं. मातीने भरलेल्या हातांनीच ती चावडीवर गेली. राजधानीहून आलेले न्यायाधीश तिथे बसले होते.

त्यांनी सुभेदारांना बोलावून जाब विचारला तेव्हा सुभेदार हसले. "मी काय करणार? घोडा उधळला. गुन्हा जनावराचा आहे, माझा नाही."

साळूबाईच्या अंगाची लाही लाही होत होती, पण तिने आवाज चढवला नाही.

"सुभेदार म्हणतात तेच धरा, महाराज. गुन्हा घोड्याचा, तर शिक्षाही घोड्यालाच द्या. माझी बाग पुन्हा उभी राहीपर्यंत तो माझ्या दारात राहील आणि शेणखत वाहील. सुभेदार निर्दोष आहेत. त्यांनी खुशाल घरी जावं, पायी."

"घोडा बाईंच्या ताब्यात द्या," न्यायाधीश म्हणाले.

सुभेदारांचा चेहरा उतरला. घोडा त्यांना जीव की प्राण होता. "थांबा," ते पुटपुटले. "लगाम माझ्या हातात होता. गुन्हा माझाच."

"मग घोडा सोडा, महाराज," साळूबाई म्हणाली, "आणि खताची पाटी यांच्या डोक्यावर द्या."

न्यायाधीशांनी तसाच हुकूम दिला. पडवळ पुन्हा मांडवावर चढेपर्यंत सुभेदार रोज सकाळी तिच्या परसात खत वाहत होते. साळूबाईने त्यांना एकदाही 'बसा' म्हटलं नाही.