मंजीची सात दारं

एका गावाच्या शिवारात उसाचं एक शेत होतं आणि त्या शेताच्या बांधात उंदरांच्या दोन जाती राहत होत्या. खालच्या काळ्या मातीत करडे, वरच्या मुरमात तांबडे. नातं चुलत-मावसाचंच, रंग आणि शेपटी सोडली तर दोघांत फारसा फरकही नव्हता. पण करडे अंगानं जड, पळायला मंद. बिळात शिरले की ते तोंडाशी ओली माती थापून दार पक्कं बंद करत. तांबडे चपळ. साप एका दारातून आला की दुसऱ्यातून पळायचं, ही त्यांची रीत. म्हणून त्यांच्या बिळाला पाच-सात दारं असत आणि सगळी सताड उघडी.

मंजी नावाच्या तांबडीच्या बिळाला सात दारं होती. त्या बिळातून एक बोळ खाली करड्यांच्या वस्तीत जाई. उसाला पाणी सोडलं की करड्यांची दारं बुडत. मग ते पोराबाळांसकट त्या बोळातून वर येत, मंजीच्या दारातून बाहेर पडत, मिशा पुसत आणि चालू लागत. "येतो बाई" एवढंसुद्धा कधी कुणी म्हटलं नाही! मंजीही कधी काही बोलली नाही.

एके दिवशी कोवळे कोंब कुरतडायला गेलेलं करड्यांचं एक पोर धामणीनं उचललं. तेही भर शेतात, बांधापासून कितीतरी लांब. तरी करड्यांचा मुखिया ढेकोजी सगळ्यांसमोर गरजला, "ह्या तांबड्यांच्या उघड्या दारांमुळंच साप येतोय. बेशिस्त जात! समदी दारं बुजवून टाका."

"अहो ढेकोजीदादा, पोर तर शेतात गेलं," मंजी म्हणाली. "माझ्या दारांचा त्यात काय संबंध?"

"तू आम्हाला शिकवू नगंस, मंजे."

झालं, निकाल लागला. ना चौकशी, ना साक्ष.

दुसऱ्या दिवशी पहाटे मंजी दाणापाणी शोधून परतली, तर सातही दारांवर वीतभर माती थापलेली. आणि आत तिची चार पिल्लं, अजून डोळेही न उघडलेली! आत कुणी आहे का, हे बघायची तसदी त्या शहाण्यांपैकी एकानंही घेतली नव्हती. मंजीनं नखं तुटेपर्यंत उकरलं, तेव्हा कुठे एक दार मोकळं झालं. पिल्लं धापा टाकत होती, पण जिवंत होती. खालचा बोळही करड्यांनी त्यांच्या बाजूनं बुजवलेला तिला दिसला. तिनं एकेक पिल्लू तोंडात धरून टाकळ्याच्या झुडपाखाली आणून ठेवलं.

दिवस कासराभर वर आला आणि शेताच्या मालकानं उसाला पाणी सोडलं. करड्यांची दारं बुडाली. थोड्याच वेळात बोळातून खरवडण्याचा आवाज येऊ लागला. पाणी आलं की निघायचं कुठून, हा विचार दारं बुजवताना कुणालाही सुचला नव्हता. आपल्याच हातांनी घट्ट थापलेली माती आता त्यांना उकरता येईना.

मंजीच्या मनात आधी काय आलं, ते खरंखरं सांगायला हवं. "मरू देत मेले," असंच आलं. का येऊ नये? पण खालून पोरांची चीं-चीं ऐकू आली. माती थापायला काही ती पोरं आली नव्हती. वर घार घिरट्या घालत होती. पिल्लांवर पाला ओढून मंजी बिळात उतरली आणि आपल्या बाजूनं बोळ उकरू लागली.

बोळ मोकळा झाला. भिजलेले, घाबरलेले करडे एकामागून एक बाहेर पडले. सगळ्यात शेवटी ढेकोजी आला. मिशा पुसत म्हणाला, "आपली जुनी वाट वेळेला घावली, म्हणून वाचलो."

आपली वाट! मंजीचा संताप अनावर झाला. ती त्याच्यासमोर आडवी उभी राहिली.

"वाट तुमची न्हाय, दादा. दार माझं हाय. आजवर गप बसले, ती माझी चूक झाली. ह्याच बिळात तुम्ही माझी लेकरं जित्ती गाडली व्हती! अजून सहा दारं बुजलेली हायती. माती तुम्ही घालायला लावली, आता तुम्हीच काढा. समद्यांसमोर."

ढेकोजीनं आधारासाठी आपल्या लोकांकडे पाहिलं. जिचं पोर धामणीनं नेलं होतं, ती करडी आई झुडपाखाली मंजीच्या पिल्लांना पोटाशी घेऊन बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "काढा, मुखिया. माझं लेकरू हिच्या दारामुळं न्हाय गेलं."

ढेकोजी वाकला आणि भर उन्हात दातांनी माती उकरू लागला. सहावं दार उघडेपर्यंत मंजी तिथून हलली नाही.

तात्पर्य: शेजाऱ्याची रीत आपल्यापेक्षा वेगळी आहे म्हणून ती मोडायला जाऊ नये; आपला जीव तिच्याच आधारावर तगलेला असू शकतो. आणि ज्यानं संकटात हात दिला, त्यानं आपल्यावरचा अन्याय मुकाट गिळावा, असा कुठेही नियम नाही.