दारामागच्या पिशव्या

आईशप्पथ, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे पिशव्या बोलल्या हे खरं, नक्की काय बोलल्या ते थोडं मी जुळवलंय.

फार वर्षांपूर्वी शेजारच्या हेमलताकाकूंनी घर पर्यावरणपूरक करायला घेतलं. बांबूचे दिवे आले, प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या. पण काकू दर वेळी कापडी पिशवी घरी विसरायच्या आणि बाजारातून नवी घेऊन यायच्या. सगळ्या पिशव्या स्वयंपाकघराच्या दारामागे एकाच खिळ्याला लटकायच्या.

एकदा एक कोरी पिशवी आली. अंगावर छापलेलं, 'पृथ्वी वाचवा'.

"उद्या मेथी आणायला मी जाणार!" ती म्हणाली.

"अगं बाळे," खालची जुनी पिशवी म्हणाली, "इथून अजून कुणीच बाहेर गेलेलं नाही."

"काय? मग पृथ्वी वाचवायची कशी?"

"लटकून."

नवी पिशवी एवढी दचकली की खिळाच निसटला. सगळ्या पिशव्या धपकन खाली पडल्या आणि तशाच तडक बाजारात गेल्या.

भाजीवाल्या गोदामावशींचे डोळे पांढरे झाले. "अगं, एकट्याच? काकू कुठायत?"

"अय्या, घरीच विसरलो की!" नवी पिशवी म्हणाली. "जाऊ दे. तुमच्याकडे एखादी नवीन काकू मिळेल का?"

मावशींनी आतून एक काढून दिली.

पिशव्या आता रोज बाजारात जातात. हेमलताकाकूंच्या दारामागे बऱ्याच काकू उभ्या असतात.

संपली गोष्ट. आता कबूल केलेले पेरू काढ. काय? आणायची पिशवी घरी विसरलास? मग जपून राहा बाबा. उद्या तुझ्या घरी तुझ्याऐवजी कोण येईल, सांगता येत नाही.