अक्काच्या तीन वाट्या

मैदा चाळण्याआधी मोजायचा की चाळल्यावर? भैरूने आईला विचारलं, शेजारणींना विचारलं; कोणीच सांगितलं नाही. दर दिवाळीला गल्लीभर नानकटाई वाटणाऱ्या शेवंताअक्काला विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "बस जवळ आणि बघ." तो सायकल काढून पळाला होता. आता अक्का नव्हती. दिवाळीच्या नानकटाईसाठी तिने फडक्यात बांधून ठेवलेला तीन वाट्या मैदा आणि तिची वाटी, एवढंच मागे उरलं होतं.

भैरू ते घेऊन नानकटाई भाजून देणाऱ्या नरसूशेठच्या भट्टीवर गेला. मागून भांडण नको म्हणून शेठ प्रत्येकाचं सामान आधी मोजून घेई. भैरूने तीन वाट्या सांगितल्या, तेव्हा त्याने अक्काच्याच वाटीने मैदा मोजला. तिसरी वाटी अर्ध्यावरच राहिली.

"तीन कसल्या रे? अडीच! तुझ्या अक्काचं मापच खोटं," सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं शेठ म्हणाला.

भैरूची मूठ वळली. तेवढ्यात त्याची नजर चाळणीवर गेली.

"शेठ, हा मैदा आधी तोला. मग तुमच्याच हाताने चाळा आणि पुन्हा तोला, पुन्हा मोजा."

शेठने हसत हसत तसं केलं. वजन तेवढंच भरलं. पण फडक्यात दबलेला मैदा चाळून फुलला आणि तिन्ही वाट्या काठोकाठ झाल्या.

"चाळणी तुमची, हात तुमचा, वजनही तेच. मग ही अर्धी वाटी कुठून आणलीत, शेठ?"

रांगेतल्या बायका खो खो हसल्या. शेठ भट्टीकडे वळला. भैरूला मात्र हसू आलं नाही. तेव्हा जवळ बसला असता, तर चाळूनच मोजायचं हे अक्कानेच दाखवलं असतं.

संध्याकाळी तो गल्लीत नानकटाई वाटत फिरला. प्रत्येक दारात एवढंच म्हणाला, "घ्या, अक्काच्या मापाची आहे."